कवटी उलटी धरली की

कवटी म्हटलं की लोकांना तिचं तोंडच आठवतं. डोळ्यांच्या दोन खोबणी, नाकाचं भोक, दातांची ओळ. गावातल्या विजेच्या डीपीवर 'धोका' लिहून खाली तेच चित्र काढलेलं असतं. मला त्या बाजूचं फार कौतुक नाही. मी वर्गात गेले की आधी कवटी उलटी करते, माथा खाली, बूड वर, अन् पोरांना म्हणते, आता बघा, माणूस इथून कळतो.

मी अंबाजोगाईला मेडिकलच्या पोरांना शरीररचना शिकवते. पहिल्या वर्षाची पोरं कवटीच्या ह्या खालच्या बाजूला जेवढी घाबरतात तेवढी मढ्याला घाबरत नाहीत. वरून कवटी भोपळ्यासारखी गुळगुळीत असते, पाठ करायला काही नाही. खालून बघाल तर नुसती भोकं, कंगोरे आणि सुळके. मधोमध मोठं भोक, त्यातून मेंदूचा शेंडा खाली कण्यात उतरतो. त्याच्या दोन अंगांना दोन गुळगुळीत उंचवटे. माणूस 'हो' म्हणून मान हलवतो ती ह्या उंचवट्यांवर. 'नाही' म्हणायची सोय एक मणका खाली केलेली आहे, आणि माझ्या तासाला तो खालचा मणका जास्त वापरायचा नाही, हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

परीक्षेत हुशार पोरंसुद्धा एका जागी हमखास आपटतात. दात आपल्यापासून लांब ठेवून कवटी उलटी मांडली की तिची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. पोरगं भोकाचं नाव बरोबर सांगतं, त्यातून काय जातं तेही घडाघडा सांगतं, अन् बाजू विचारली की छातीठोकपणे उलटी सांगतं. मी म्हणते, बाबा रे, उद्या तू एखाद्याचा चांगला कान कापशील. पोरं हसतात. मी हसत नाही, कारण ही गल्लत मी माझ्या घरात, माझ्या बापाच्या तोंडावर झालेली बघितली आहे.

आमचं गाव तेलगाव आणि सिरसाळ्याच्या मध्ये, रस्त्यापासून थोडं आत. आबा, म्हणजे माझे वडील, कापूस आणि ऊस करतात. पण पंचक्रोशी त्यांना ओळखते ती माइकवरचा माणूस म्हणून. आमच्याकडं लग्न म्हटलं की मंडपात माइक धरायला एक माणूस लागतो. आलेल्या पाहुण्यांचं स्वागत करायचं, पुढाऱ्याला पुढं बसवायचं, रुसलेल्या सोयऱ्याला चारचौघांत मान द्यायचा, अक्षता कुणाला मिळाल्या नाहीत ते बघायचं, अन् नवरदेव पारावरून येईपर्यंत मंडप हातचा जाऊ द्यायचा नाही. आबा हे काम हौसेनं करत. एक पैसा घेत नसत, फेटा मात्र हक्कानं बांधून घेत. त्यांचं 'पाहुणे मंडळींना नम्र विनंती' एवढं ऐकलं की जेवायला पळालेली माणसं परत खुर्चीवर येऊन बसत. आवाज असा की माइक बंद पडला तर कुणाच्या लक्षात येऊ नये.

माझ्यावर मात्र ते जरा नाराज होते. त्यांना वाटलं होतं, पोरगी डॉक्टर झाली की तेलगावला चौकात पाटी लागेल, बाहेर चपलांचा ढीग पडेल. आणि मी गेले मढ्यांच्या खोलीत. लोक विचारत, 'आबा, लेक कशाची डॉक्टर हाय?' तर आबा म्हणत, 'हाडाची.' तेवढंच म्हणून गप्प बसत. मग मी गावी गेले की म्हाताऱ्या बाया गुडघे घेऊन माझ्या पुढ्यात. मी त्यांना किती वेळा सांगितलं की मी ह्या हाडाची नव्हे, पण आबांची अब्रू ठेवायची म्हणून गुडघे दाबून बघायचे आणि अंबाजोगाईला या म्हणायचं.

तर लग्नसराई नुकती सुरू झाली होती. सकाळी आईचा फोन आला. मागं चुलत्याचा आवाज, बायकांचा कालवा. आई रडत म्हणाली, 'तुज्या आबाचं तोंड वाकडं झालंय. चूळ भराया गेलते, तर पाणी एका अंगानं गळायलंय. वारं गेलंय गं माय.'

वारं जाणं म्हणजे लकवा. रोज जे शिकवतो ते अशा वेळी आपोआप तोंडात येतं. मी विचारलं, 'हात उचलता येतोय का? पाय? चालायलेत का?'

'चालायलेत की. वट्यावर येरझाऱ्या घालायलेत.'

'कपाळाला आठ्या पडत्यात का दोन्ही बाजूला?'

'आगं, आठ्या कसल्या बगाया लावतीस? हितं माणूस चाललाय आन हिला आठ्या पायजेत!'

मी म्हटलं, आहेत तसे गाडीत घाला अन् इकडं आणा. तर फोन चुलत्यानं घेतला. आमचा चुलता माणूस मायेचा, पण ऐकणं हा प्रकार त्याच्यात देवानं घातलेला नाही. तो म्हणाला, 'डाक्टरीनबाई, लकव्याला दवाखान्यात औषध न्हाई. मी कबुतरं आणाया मानूस धाडलाय.' कबुतराचं गरम रक्त चोळायचं, हे आमच्याकडचं लकव्यावरचं औषध. ते कुणाच्या वाकड्या तोंडाला लागू पडलेलं मी आजवर बघितलेलं नाही, ऐकलेलं मात्र भरपूर आहे.

मी मुकाट रजा टाकली. निघताना कपाटातली कवटी कापडात गुंडाळून पिशवीत घेतली. ती माझीच, शिकत असताना हॉस्टेलच्या एका ताईनं जाताना दिलेली. तिला तिच्या वरच्या ताईनं दिली होती. आमच्या हॉस्टेलात हाडं अशीच लेकीबाळींच्या दागिन्यासारखी एकीकडून दुसरीकडं जायची. कवटी कशाला घेतली? कारण मला माझी माणसं माहीत आहेत. नुसत्या तोंडानं सांगून ती ऐकणाऱ्यातली नव्हेत.

घरी पोचले तर ओसरीवर ही गर्दी. मधे बाजेवर आबा. तोंड उजवीकडं ओढलेलं, उजव्या गालाला वळ्या पडलेल्या, आणि चुलता शेजारी बसून तव्यावर तापवलेल्या मिठाच्या पुरचुंडीनं तोच उजवा गाल शेकतोय. गाल लालभडक. एक कोपरा तर पोळून चकाकायला लागलेला. डाव्या गालाला कुणी बोट लावलेलं नव्हतं. तो आपला शांत, सपाट, इस्त्री केल्यासारखा.

मी ओरडलेच, 'आवो काका, हा गाल कावून भाजायलाव?'

'कावून म्हंजे? वाकडा हाय म्हनून!'

'वाकडा न्हाई, तोच धड हाय! डावा गाल मेलाय. त्यात ओढ राहिली न्हाई म्हणून उजवा तोंडाला आपल्याकडं ओढायलाय.'

आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. सारं गाव वाकडं दिसतंय त्या बाजूला शेकत होतं, तेल चोळत होतं, अन् आजारी बाजू नीट दिसते म्हणून तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. मी पुरचुंडी हिसकून अंगणात फेकली. कोंबड्यांनी तेवढ्यात तिच्यावर धाड घातली.

मग मी आबांच्या पुढ्यात बसले. 'आबा, आठ्या घाला.' उजव्या कपाळावर आठ्या पडल्या, डाव्यावर एकही नाही. 'डोळे मिटा.' उजवा मिटला. डावा उघडाच राहिला, आत बुबुळ वर गेलं आणि नुसतं पांढरं दिसायला लागलं. बाया किंचाळल्या. आईनं तोंडात पदर कोंबला. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा श्वास आला. मेंदूचा लकवा असता तर कपाळ बहुतेक वाचतं, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही अंगांकडून निरोप येतो. अख्खी अर्धी बाजू, कपाळापासून हनुवटीपर्यंत झोपली, म्हणजे बिघाड मेंदूत नव्हता, वाटेत होता.

हे मी सांगितलं. कुणाला पटलं नाही. तेव्हा मी पिशवी उघडली.

काय तो गोंधळ झाला म्हणून सांगू! 'घरात मढं आनलं! लग्नसराईत! बाप आजारी आसताना!' आईनं देवघराचं दार लावून घेतलं. एक म्हातारी उठून गेली ती परत आलीच नाही. मी म्हटलं, बोंबला काय बोंबलायचं ते, नंतर गोमूत्र शिंपडा, पण आधी हे बघा. आणि चादरीवर कवटी उलटी ठेवली.

'आबा, कानामागं हात लावा. टेंगूळ लागतंय ना? ते हे.' मी हाडावर बोट ठेवलं. 'त्याच्या आतल्या अंगाला हा बाभळीच्या काट्यासारखा सुळका. ह्या दोघांच्या मध्ये बघा, भोक दिसतंय? बाजरीचा दाणा जाईल, ज्वारीचा अडकेल. तुमच्या अख्ख्या अर्ध्या तोंडाची नस ह्या भोकातून बाहेर येती. त्याच्या आधी ती कानाच्या हाडातल्या बोळातून येती, आन् तो बोळ ह्याच्यापेक्षाबी अरुंद हाय. नस सुजली, बोळ काय मोठा होत न्हाई. मग ती दबती. तुमचं ठिबक हाय ना? नळी चेमटली की पुढची कपाशी सुकती. विहिरीत पाणी आसतंय, कपाशीतबी खोट नसती.'

ठिबक म्हटल्यावर आबा पुढं वाकले. त्यांनी करंगळी त्या भोकापाशी नेली आणि बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडं बघून ते 'बाई' म्हणायला गेले. मला ते लहानपणापासून बाई म्हणतात. पण ओठ मिटले नाहीत आणि नुसतं वारं बाहेर आलं. ज्या माणसाच्या तोंडातून मंडपभर शब्द लाह्यांसारखे उडायचे, त्याला आपल्या लेकीला हाक मारता येईना. त्यांच्या उजव्या गालावरून लाज स्पष्ट दिसली. मी मान खाली घातली, नाहीतर तिथंच रडले असते.

त्यांनी दुसरा शब्द शोधला, ओठ न लागणारा. म्हणाले, 'चल.'

चुलता उठला. 'आन सरळ न्हाई झालं तर?'

'तर तुमची कबुतरं आन् माझी डिग्री एकाच विहिरीत टाका,' मी म्हटलं.

अंबाजोगाईला आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, साखर बघितली, माझंच म्हणणं खरं ठरवलं. वेळेत आणलंत, म्हणाले. सुजेवरच्या गोळ्या, डोळ्यात टाकायचे थेंब, झोपताना पापणीवर चिकटपट्टी, कारण उघडा राहिलेला डोळा कोरडा पडून कायमचा जाऊ शकतो. बाकी वाट बघायची. बहुतेकांचं तोंड परत येतं, असं त्यांनी आबांना सांगितलं. 'बहुतेकांचं' ह्या शब्दाबाहेरही काही जण उरतात, हे मला आणि डॉक्टरांना, दोघांनाही माहीत होतं, अन् आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

खरं सांगते, त्यानंतरचे आठवडे मला जड गेले. वर्गात मी त्याच भोकावर पोरांना छातीठोक शिकवायचे आणि खोलीवर येऊन आईला फोन लावायचे. 'काही हललं का?' 'न्हाई गं.' चहा पिताना डाव्या बाजूनं ओघळायचा म्हणून आबांनी चारचौघांत चहा सोडला. खांद्यावरचा टॉवेल तोंडावर आला. सिरसाळ्याला एका मोठ्या लग्नात दुसऱ्याच कुणीतरी माइक धरला. त्यानं म्हणे सोयऱ्यांची अशी काही उलटापालट केली की मुलीचा मामा न जेवता गेला. हे आबांना कुणीतरी हसत हसत सांगितलं. आबा हसले नाहीत. हसलं की तोंड आणखी उजवीकडं जायचं.

मी सुट्टीला गेले की त्यांच्या हातात आरसा द्यायची आणि समोर बसायची. 'म्हणा, प.' वारं. 'फ.' वारं. 'ब, भ, म.' ज्या माणसानं मला पाटीवर गिरवायला शिकवलं त्याला मी बाराखडी शिकवत होते. एकदा त्यांनी आरसा बाजूला ठेवला आणि कुठलेकुठले शब्द गोळा करून म्हणाले, 'राहू दे. आता ह्यातच दिस काढायचे.' मी चिडले. म्हटलं, 'आबा, ते भोक तुमी डोळ्यानं बघितलंय का न्हाई? नस हाय तिथंच हाय. ती तुटली न्हाई, दबली हाय. मला हाडातलं कळतं, एवढं तरी कबूल करा.' त्यांनी आरसा परत उचलला.

मग एका सकाळी फोन वाजला. तिकडून कुणी बोलेना. मी हॅलो हॅलो करतेय. आणि आवाज आला, थोडा फुसका, थोडा ओला, पण दोन्ही ओठ लागलेला.

'बाई.'

मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ढसाढसा रडले, आणि मला त्याची तसूभरही लाज वाटली नाही.

तिथून पुढं तोंड भराभर सरळ होत गेलं. कपाळावर आठ्या आल्या, डोळा मिटायला लागला. सराईच्या शेवटच्या तिथीला आबांनी फेटा बांधला आणि माइक धरला. मी बायकांच्या बाजूला बसले होते. त्यांनी 'पाहुणे' म्हटलं, 'मंडप' म्हटलं, 'बापू, भाऊ, मामा, फुफा' सगळ्यांना ओठ भरभरून बोलावलं. माझ्या शेजारची बाई म्हणाली, 'कबुतराचं रगत लई गुणकारी.' चुलत्याची कबुतरं तोवर आमच्याच माळवदावर घरटं करून बसली होती.

पण त्याच पंगतीत एक नवीन प्रकार कळला. आबा जेवायला बसले, घास चावायला लागले, आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. धार. लोक म्हणाले, बिचाऱ्याला भरून आलं. आबा म्हणाले, 'काय भरून आलं न्हाई, गप जेवा.' मी त्यांना नीट समजावलं. दबलेली नस पुन्हा वाढताना तिचे काही धागे वाट चुकतात. लाळेचा निरोप नेणारे धागे चुकून डोळ्याच्या पाण्याकडं जातात. मग घास घेतला की तोंडाला पाणी सुटायच्या ऐवजी डोळ्याला सुटतं. 'नळ्या चुकीच्या सरीला जोडल्या, व्हय?' आबा म्हणाले. अगदी तसंच. त्यांना ते इतकं आवडलं की पुढं प्रत्येक पंगतीत ते शेजारच्याला स्वतःहून सांगायला लागले, 'मी रडत न्हाई बरं का. माजी डाव्या अंगाची नस चुकलीय. लेक हाडाची डाक्टर हाय माजी, तिनं सांगितलंय.' आता 'हाडाची' म्हणताना ते गप्प बसत नसत. कवटीच्या बुडाशी केवढं भोक असतं तेही बोटावर दाखवत.

परवा ते डोळे दाखवायला अंबाजोगाईला आले होते. दुपारी माझ्या खोलीवर जेवायला बसलो. आईनं बांधून दिलेल्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. आबांचा डावा डोळा पहिल्या घासालाच सुरू झाला. ते मधूनमधून टॉवेलनं टिपत होते अन् जेवत होते. समोर टेबलावर माझी कवटी होती, दुसऱ्या दिवशीच्या तासासाठी काढून ठेवलेली, उलटी.

ते तिच्याकडं बघत होते. म्हणाले, 'हीच आनलीवती का तू घरी?'

'हीच.'

'गडी हुता का बाईमानूस?'

मी सांगितलं, हाडाच्या बांध्यावरून पुरुष वाटतो. म्हातारा नव्हता, दातांवरून कळतं.

'नाव काय त्याचं?'

'ते कसं कळणार, आबा? पूर्वी कॉलेजला बेवारस माणसांची मढी यायची. कुणी न्यायला आलं नाही की...'

त्यांनी घास हातातच धरला. 'म्हंजे ह्याला कुणी रडलंबी नसंल.'

इतकी वर्षं मी ती कवटी हाताळली, तिचं एक एक भोक पोरांकडून घोकून घेतलं, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आबांनी घास ताटात ठेवला. चावणं केव्हाच थांबलं होतं, त्यामुळं डावा डोळा हळूहळू कोरडा होत आला. आणि मी बघितलं, पाणी उजव्या डोळ्यातून येत होतं. त्या बाजूची नस कधी बिघडलीच नव्हती.